तितांस: ब्राझीलच्या या बँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून तितांसबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. एकदा सांगितलेलं परत सांगत बसलेलो नाही; तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तितांस म्हणजे कोण? थोडक्यात सांगा.

साओ पावलो शहरातला रॉक बँड. १९८२ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. ब्राझीलमधली लष्करी राजवट सैलावत होती तेव्हा पोर्तुगीजमध्ये गाणाऱ्या रॉक बँडची एक अख्खी पिढी पुढे आली. रिओचा पारालामास दु सुसेसो, ब्राझीलियाचा लेजियांव उर्बाना आणि साओ पावलोचा तितांस हे त्यातले मोठे. बाकीच्यांकडे एक ठळक चेहरा होता, तितांसकडे आठ होते. आठ जण, त्यातले पाच मुख्य गायक, लिहिणारे जवळजवळ सगळेच, आणि निर्णय मतदानाने. पुढे एकेक माणूस वजा होत गेला. या बँडचा इतिहास त्या वजाबाकीच्या अंगाने वाचला की पटकन उलगडतो. कुठल्या अल्बमवर कोण नाही, हे आधी पाहायचं.

२. नावाचा उच्चार नेमका काय? आणि शोधलं की कार्टून का निघतं?

ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'ती'चा 'ची' होतो, म्हणून तिथे 'चितांस' ऐकू येईल. 'तां' नाकातून आणि जोर त्याच्यावर. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' तिकडे 'ह'च्या जवळ जातो, त्यामुळे नांदो रेइस हे नाव मुलाखतीत 'नांदू हेइस' असं येतं. इथे नावं अक्षरांना धरून लिहिली आहेत.

कार्टून निघतं कारण 'टीन टायटन्स' या मालिकेचं ब्राझीलमधलं नावही 'जोव्हेन्स तितांस' आहे. बँडच्या नावाने शोधूच नका. 'काबेसा दिनोसाउरो' हे अल्बमचं नाव रोमन अक्षरांत टाका आणि तिथून कलाकाराच्या पानावर जा. या नावाचा दुसरा अल्बम सापडणं कठीण.

३. मूळ सदस्य आठ की नऊ?

सुरुवातीला नऊ, रेकॉर्डवर आठ. दोन्ही आकडे बरोबर आहेत, म्हणूनच वाद होतो.

बहुतेक जण सत्तरच्या दशकात साओ पावलोच्या कोलेजिओ एकिपे या शाळेत किंवा तिच्या आसपास एकमेकांना भेटले. ऑक्टोबर १९८२ मध्ये सेस्क पोंपेया या केंद्रात ते 'तितांस दु इए-इए' या नावाने पहिल्यांदा मंचावर आले. साठच्या दशकातल्या बीटल्स वळणाच्या पॉपला ब्राझीलमध्ये 'इए-इए-इए' म्हणत, त्याची ही टिंगल. तेव्हा आर्नाल्दो आंतुनिस, ब्रांको मेलो, सिरो पेसोआ, मार्सेलो फ्रोमेर, नांदो रेइस, पाउलो मिक्लोस, सेर्जिओ ब्रितो, टोनी बेलोतो आणि ड्रमवर आंद्रे युंग असे नऊ होते.

सिरो पेसोआ पहिल्या अल्बमआधीच बाहेर पडला. तरी त्याचं नाव पुसता येत नाही, कारण बँडचं पहिलं गाजलेलं गाणं 'सोनीफेरा इल्या' लिहिणाऱ्यांत तो आहे. त्याने पुढे काबीने सी हा वेगळा बँड काढला. २०२० मध्ये त्याचं निधन झालं. ड्रमरच्या भानगडीसाठी प्रश्न १४ पाहा.

४. मुख्य गायक कोण? प्रत्येक गाण्यात आवाज वेगळा वाटतो.

वेगळाच आहे. पाच गायक आलटून पालटून गातात. प्रत्येकाचं एखादं गाणं लक्षात ठेवलं तर बाकीचे आपोआप ओळखू येतात:

- आर्नाल्दो आंतुनिस: जाड, खालच्या पट्टीतला, शब्द तोडून फेकणारा. 'कोमिदा', 'ओ पुल्सु', 'ओ के'.
- ब्रांको मेलो: खरखरीत, ओरडण्याच्या काठावरचा. 'काबेसा दिनोसाउरो', 'फ्लोरेस'.
- सेर्जिओ ब्रितो: मूळचा कीबोर्डवाला. 'पोलिसिया'मध्ये किंचाळतो आणि 'एपिताफिओ'मध्ये हळुवार गातो. नवख्याला हे दोन माणसांचे आवाज वाटतात.
- पाउलो मिक्लोस: पाचांतला सर्वांत तयार गळा. 'सोनीफेरा इल्या', 'बिशुस इस्क्रोतुस', 'दिव्हेर्सांव'. सॅक्सोफोनही तोच वाजवतो.
- नांदो रेइस: बासवाला, आवाज थोडा नाकातला. 'मार्व्हिन', 'इग्रेजा', 'फामिलिया'.

टोनी बेलोतो आणि मार्सेलो फ्रोमेर हे दोन गिटारवाले, चार्ल्स गाविन ड्रमवर.

घोटाळा होतो तो १९९२ नंतरच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये. गायक निघून गेला तरी त्याचं गाणं बँडने सोडलं नाही, उरलेल्यांनी वाटून घेतलं. त्यामुळे यादी लावून आवाज ओळखायचा तर मूळ स्टुडिओ अल्बमच लावा.

५. ऐकायला कुठून सुरुवात करू?

बहुतेक याद्या १९९७ च्या 'आकुस्तिको एमटीव्ही'कडे, म्हणजे एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगकडे, बोट दाखवतात. ऐकायला गोड आहे, पण पहिलं दार म्हणून आम्ही ते सुचवत नाही. वायोलिन-चेलोत गुंडाळलेली ही गाणी आधी ऐकली तर मूळ गाणी कर्कश वाटतात, आणि पाहुण्याकडून घरमालकाची ओळख झाल्यासारखं होतं.

आमचा क्रम असा. आधी 'काबेसा दिनोसाउरो' (१९८६), सलग, मध्ये न थांबता. पाऊण तासाच्या आत संपतो. मग 'जेझुस नांव तें देंतिस नु पाइस दुस बांगेलास' (१९८७), 'ओं ब्लेस्क ब्लों' (१९८९), आणि त्यानंतर 'आकुस्तिको'. गोंगाट आवडत असेल तर 'तितानोमाकिया' (१९९३). १९८४ चा पहिला अल्बम शेवटी ऐका. त्यातली चांगली गाणी पुढे जास्त चांगली वाजवली गेली आहेत (प्रश्न १०).

६. पहिले दोन अल्बम इतके गुळगुळीत का?

१९८४ च्या 'तितांस'मध्ये रेगे, स्का आणि न्यू वेव्ह यांची मिसळ आहे. मंचावर त्याच वेळी हा बँड कितीतरी आक्रमक होता. तो जोर रेकॉर्डवर उतरला नाही. १९८५ चा 'तेलेव्हिझांव' गायक लुलू सांतुसने निर्मित केला. टीव्हीचे चॅनेल बदलत जावं तशी प्रत्येक गाण्याची शैली बदलते. कल्पना हुशारीची होती, पण एकसंध आवाज काही सापडला नाही. तरी 'तेलेव्हिझांव', 'नांव व्होउ मी आदाप्तार' आणि 'प्रा दिझेर आदेउस' ही तीन गाणी टिकली. तिसऱ्याला खरं यश मिळायला बारा वर्षं लागली.

७. 'काबेसा दिनोसाउरो'चं एवढं काय?

त्याआधीच्या काही महिन्यांत काय झालं ते पाहायला हवं. नोव्हेंबर १९८५ मध्ये हेरॉइन प्रकरणात टोनी बेलोतो आणि आर्नाल्दो आंतुनिस यांना अटक झाली. बेलोतो लवकर सुटला, आर्नाल्दो जवळजवळ महिनाभर आत होता. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर 'पोलिसिया' आणि 'इस्तादु व्हियोलेंसिया' ही गाणी आली. पहिलं बेलोतोचं, दुसरं गाविनचं.

अल्बमची रचना एखाद्या आरोपपत्रासारखी आहे. चर्च, पोलीस, राज्यसंस्था, कुटुंब, कर्ज, भांडवलशाही अशी एकेक गोष्ट घेतली आणि बहुतेक वेळा गाण्याला नावही तेच, एका शब्दात. गाणी तेरा. 'आ फासे दु देस्त्रुइदोर' तर चाळीस सेकंदांतच आटोपतं.

शीर्षकगीत जवळून ऐका. सगळ्या गाण्यात शब्दजोड्या फक्त तीन: डायनोसॉरचं डोकं, मॅमथची ढेरी, डुकराचा आत्मा. ही तिसरी जोडी ब्राझीलमध्ये खोडसाळ माणसासाठी वापरतात. ठेका शिंगू नदीच्या खोऱ्यातल्या आदिवासींच्या विधीच्या तालावर बेतलेला आहे. कडवं नाही, ध्रुपद नाही. तीन शिव्या, ढोल आणि ब्रांकोचा घसा, बस्स.

निर्मिती लिमिन्याची. हा ओस मुतांतिस या जुन्या बँडचा बास वाजवणारा. रेकॉर्डिंग रिओच्या 'नास नुव्हेंस' स्टुडिओत झालं. पहिल्या दोन अल्बममध्ये हरवलेला मंचावरचा जोर त्याने टेपवर आणला. मुखपृष्ठावर किंचाळणाऱ्या माणसाचं लिओनार्दो दा विंचीचं रेखाटन आहे, मागच्या बाजूलाही त्याचंच विद्रूप डोकं.

सगळे एकमताने होते असं मात्र समजू नका. 'इग्रेजा' हे नांदो रेइसचं चर्चविरोधी गाणं आर्नाल्दोला पटत नव्हतं. ते सुरू झालं की तो मंचावरून उतरायचा. तरी गाणं अल्बमवर राहिलं. मतदान म्हटलं की असं चालायचंच.

आणि शेवटचं गाणं वगळू नका. 'ओ के' हे फंक आहे, गिटारच्या भिंतीऐवजी यांत्रिक ठेका. पुढच्या अल्बमची चाहूल तिथेच लागते.

८. 'बिशुस इस्क्रोतुस'वर बंदी होती म्हणतात. लष्करी राजवट तर १९८५ मध्येच संपली होती ना?

राजवट मार्च १९८५ मध्ये संपली, सेन्सॉर कचेरी संपली नाही. ती १९८८ च्या नव्या राज्यघटनेने गेली. त्यामुळे १९८६ मध्ये रेकॉर्ड विकायला परवानगी होती, पण त्यातल्या एका शिवीमुळे हे गाणं रेडिओवर वाजवायला मनाई होती. बंदी गाण्यावर नव्हती, प्रसारणावर होती. लोक नेमका इथेच घोळ घालतात. काही रेडिओ केंद्रांनी ते तरी वाजवलं.

गाणं मुळात १९८६ चं नाहीच. झुरळं, उंदीर आणि पिसवांना गटारातून बाहेर या म्हणणारं हे गाणं बँड अगदी सुरुवातीपासून मंचावर म्हणत होता. सेन्सॉरच्या भीतीने ते आधीच्या अल्बमवर घेतलं नव्हतं.

९. १९८७ आणि १९८९ च्या अल्बममध्ये तो 'मशीन'चा आवाज कुठून आला?

सॅम्पलर आणि ड्रम मशीन. लिमिन्या आणि बँड दोघांनाही त्याचं वेड लागलं होतं. 'जेझुस...'च्या नावाचा अर्थ साधारण 'बोळक्यांच्या देशात येशूलाही दात नाहीत'. त्याचा एक भाग यंत्रांच्या ठेक्यावर आहे, दुसरा सरळ गिटारचा. 'कोमिदा' पहिल्या भागातलं: माणसाला नुसतं जेवण पुरत नाही, करमणूक आणि कलाही हवी, एवढाच मुद्दा, पण भाषणासारखा नाही, ठेक्यावर नाचवलेला. 'नोमे आउस बोइस' हे गाणं तर नुसती यादी आहे. क्रियापद नाही, टीका नाही, फक्त हुकूमशहा आणि तत्समांची नावं, एकामागून एक. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

'ओं ब्लेस्क ब्लों' या शब्दांना अर्थ नाही. रेसिफेच्या बोआ व्हियाजें किनाऱ्यावर माउरो आणि कितेरिया हे जोडपं गाऊन पैसे मिळवायचं. माउरो अनेक भाषांचे तुकडे जोडून स्वतःचीच भाषा गात असे. शीर्षक त्याच्याकडून घेतलं, आणि अल्बमच्या सुरुवातीला व शेवटी त्या दोघांचाच आवाज आहे. ते रेकॉर्डिंग खराब झालंय असं समजून लोक तो ट्रॅक पुढे ढकलतात. ढकलू नका.

१०. एकच गाणं तीन-तीन अल्बमवर दिसतं. मूळ कोणतं?

ॲपवर अल्बमचं वर्ष बघा. गाजलेल्या गाण्यांचं असं आहे:

- 'मार्व्हिन': १९८४ स्टुडिओ, १९८८ लाइव्ह, १९९७ आकुस्तिको. गाजलं ते १९८८ चं.
- 'गो बॅक': १९८४ स्टुडिओ, १९८८ लाइव्ह, १९९७ मध्ये अर्जेंटिनाचा गायक फितो पाएससोबत.
- 'सोनीफेरा इल्या': १९८४ मूळ, १९९८ मध्ये 'व्होलुमे दोइस'वर नव्याने.
- 'प्रा दिझेर आदेउस': १९८५ मूळ, १९९७ मध्ये हिट.
- 'फ्लोरेस': १९८९ मूळ, १९९७ मध्ये गायिका मारिसा मोंतेसोबत.

१९८८ चा लाइव्ह अल्बम म्हणजे 'गो बॅक', स्वित्झर्लंडच्या मोंत्रो महोत्सवातला. शीर्षकगीताचे शब्द तोर्क्वातो नेतो या कवीचे, चाल ब्रितोची.

११. 'मार्व्हिन' त्यांचं स्वतःचं नाही असं ऐकलं. खरं का?

खरं. क्लॅरेन्स कार्टरने गाजवलेल्या 'पॅचेस' या अमेरिकन गाण्याचं ते पोर्तुगीज रूप, नांदो रेइस आणि ब्रितोने केलेलं. तसंच 'केरें मेउ सांगी' हे जिमी क्लिफच्या 'द हार्डर दे कम'चं. १९९७ च्या कार्यक्रमात ते गायला क्लिफ स्वतः आला होता. 'ए प्रेसिझु साबेर व्हिव्हेर' हे गायक-गीतकार रोबेर्तो कार्लोस आणि एरास्मो कार्लोसचं. १९९९ चा 'आस देस माइस' हा तर पूर्ण अल्बमच दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे, आणि आमच्या मते नसता तरी चाललं असतं.

उलट दिशेनेही एक उदाहरण आहे. 'पोलिसिया' हे सेपुल्तुरा या ब्राझीलच्याच मेटल बँडने नव्वदच्या दशकात वाजवलं, त्यामुळे मेटल ऐकणाऱ्या अनेकांना ते सेपुल्तुराचंच वाटतं.

१२. आर्नाल्दो आंतुनिस का गेला? आणि त्यानंतर बँड एकदम एवढा आडदांड का झाला?

क्रम थोडा उलटा आहे. आडदांडपणा आधी आला. १९९१ चा 'तुदु आउ मेस्मु तेंपु आगोरा' बँडने लिमिन्याशिवाय, स्वतःच निर्मित केला. यंत्रं बंद, गिटार कच्च्या, शब्द देहधर्मांवर घसरलेले. प्रत्येक गाण्याचं श्रेय सगळ्या बँडला आहे, म्हणून 'हे कोणी लिहिलं' या प्रश्नाला त्या अल्बमपुरतं उत्तर नाही. समीक्षकांनी झोडपलं.

१९९२ च्या अखेरीस आर्नाल्दो बाहेर पडला. कविता, दृश्यकला आणि शब्दांचे खेळ ही त्याची वाट होती. १९९३ मध्ये 'नोमे' हे पुस्तक, व्हिडिओ आणि सीडी असं एकत्र काम आलं, २००२ मध्ये मारिसा मोंते आणि कार्लिन्योस ब्राउनसोबत त्रिबालिस्तास हे त्रिकूट. संबंध तुटले नाहीत, बँडच्या पुढच्या गाण्यांत त्याचे शब्द येत राहिले.

उरलेल्या सात जणांनी निर्व्हानाचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करणारा जॅक एंडिनो आणला आणि 'तितानोमाकिया' केला. यानंतर सगळ्यांनी थोडी उसंत घेतली. नांदो आणि मिक्लोसचे एकेकट्याचे अल्बम आले, ब्रांको-ब्रितोने क्लायडरमान नावाचा प्रयोग केला. बँडमधल्यांनी बांगेला हे लेबलही याच काळात सुरू केलं. रायमुंदुस या बँडचा पहिला अल्बम तिथूनच आला.

१३. 'आकुस्तिको'मुळे बँड बिघडला का?

जुने चाहते तसं म्हणतात. मार्च १९९७ मध्ये रिओच्या जोआंव कायतानो नाट्यगृहात ते रेकॉर्ड झालं, निर्माता पुन्हा लिमिन्या, तंतुवाद्यांची बांधणी जाकेस मोरेलेनबाउमची. दहा लाखांहून कितीतरी जास्त प्रती विकल्या गेल्या. बँडचा सर्वाधिक खपाचा अल्बम हाच. 'काबेसा'च्या वेळी जन्मालाही न आलेल्यांपर्यंत आणि त्यांच्या आज्यांपर्यंत गाणी पोचली.

बिघाड 'आकुस्तिको'त नाही, त्याच्या पुनरावृत्तीत आहे. १९९८ चा 'व्होलुमे दोइस' त्याच साच्यातला, त्यात थोडी नवी गाणी. नावावरून फसू नका: तो बँडचा दुसरा अल्बम नाही, 'आकुस्तिको'चा पुढचा भाग आहे.

१४. तितांस आणि साओ पावलोचाच दुसरा बँड इरा! यांनी ड्रमरची अदलाबदल केली होती का?

निष्पन्न तेच झालं, पण सौदा झाला नव्हता. पहिल्या अल्बमवर ड्रम आंद्रे युंगचे आहेत. त्यानंतर तो इरा!मध्ये गेला आणि तिथेच स्थिरावला. चार्ल्स गाविन पूर्वी इरा!मध्ये होता खरा, पण मधल्या काळात तो आरपीएम या नव्या बँडसोबत तालमी करत होता. तिथून तो तितांसमध्ये आला. 'तेलेव्हिझांव'पासून २०१० पर्यंत ड्रम त्याचेच.

१५. 'एपिताफिओ' मार्सेलो फ्रोमेरच्या मृत्यूवर लिहिलं आहे ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हाच.

जून २००१ मध्ये साओ पावलोत धावायला बाहेर पडलेल्या फ्रोमेरला मोटरसायकलने धडक दिली आणि १३ जूनला तो गेला. बँड तेव्हा नव्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या उंबरठ्यावर होता. सेर्जिओ ब्रितोने 'एपिताफिओ' त्याआधीच लिहिलं होतं. अल्बम त्याच वर्षी आला, शीर्षक 'गेल्या आठवड्यातला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ बँड' अशा अर्थाचं, म्हणजे चेष्टेचं. गाणं मात्र थडग्यावरच्या लेखाचं. ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी जोडल्या आणि त्या तशाच जोडलेल्या राहिल्या.

१६. कोण कधी गेलं, एकदा सांगून टाका.

आर्नाल्दो १९९२, फ्रोमेर २००१ (मृत्यू), नांदो रेइस २००२, गाविन २०१०, मिक्लोस २०१६. नांदो तेव्हा एकट्याच्या कामात पुरता गुंतला होता. गायिका कासिया एलेरने गाजवलेली बरीच गाणी त्याची होती, आणि डिसेंबर २००१ मध्ये तीही गेली. फ्रोमेर आणि कासिया, सहा महिन्यांत दोन जवळचे मित्र. गाविन नंतर जुन्या ब्राझिलियन रेकॉर्डच्या पुनर्प्रकाशनात आणि 'ओ सों दु व्हिनिल' या टीव्ही कार्यक्रमात रमला. मिक्लोस अभिनयाकडेही वळला होता. 'ओ इन्व्हाझोर' या सिनेमात त्याला जरूर पाहा.

उरले ब्रांको मेलो, ब्रितो, बेलोतो. बास काही वर्षं ली मार्कुचीने वाजवला, नंतर ब्रांकोने स्वतः. ड्रमवर मारिओ फाब्रे, आणि २०१६ पासून गिटारवर गायिका रिता लीचा मुलगा बेतो ली.

१७. तिघांच्या काळातलं काही ऐकण्यासारखं आहे का?

'न्येएंगातू' (२०१४) आहेच, पण त्यात मिक्लोस होता, म्हणजे चौघांचा. मुखपृष्ठावर चित्रकार ब्रूगलचा बाबेलचा मनोरा, आत 'काबेसा'च्या जातीची छोटी, चिडलेली गाणी. 'फार्दादु' हे 'पोलिसिया'चं धाकटं भावंड. त्याआधीच्या 'साकुस प्लास्तिकुस'ला (२००९) लॅटिन ग्रॅमी मिळालं, पण निवड करायची तर 'न्येएंगातू'च घ्या. तिघांची 'दोझे फ्लोरेस आमारेलास' (२०१८) ही रॉक ऑपेरा लैंगिक अत्याचारावर आहे. पोर्तुगीज कळत नसेल तर कथानक आधी वाचून घ्या, नाहीतर हाती काही लागत नाही. 'ओल्यु फुर्ता-कोर' २०२२ चा.

१८. १९८५ च्या 'रॉक इन रिओ'मध्ये ते होते का?

नव्हते. पारालामास, बारांव व्हेर्मेल्यो, किड आबेल्या, ब्लिट्झ होते. तितांस १९९१ च्या दुसऱ्या खेपेस मराकाना मैदानात वाजले. २०११ मध्ये त्यांनी पारालामाससोबत एकाच मंचावरून महोत्सवाची सुरुवात केली, त्याचे व्हिडिओ पाहून हा गोंधळ होत असावा.

१९. २०२३ मध्ये सगळे परत आले म्हणजे बँड पुन्हा सातांचा झाला?

नाही. 'एंकोंत्रु' हा ठरावीक मुदतीचा दौरा होता. एप्रिल २०२३ मध्ये रिओतून सुरू झाला. हयात असलेले सातही जण एकत्र, फ्रोमेरच्या जागी गिटारवर लिमिन्या, आणि काही गाण्यांना फ्रोमेरची मुलगी आलिसे. साओ पावलोचं आलियांझ पार्के मैदान तीनदा भरलं. मार्च २०२४ च्या लोलापालूझा महोत्सवाबरोबर ते प्रकरण संपलं आणि तिघांचा बँड पुन्हा आपल्या कामाला लागला. त्या व्हिडिओंमध्ये ब्रांकोचा आवाज फार बसका वाटतो, याबद्दल विचारणा होते: घशाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियांनंतरचा तो आवाज आहे, रेकॉर्डिंगचा दोष नाही.

२०. गोव्यात पोर्तुगीज शिकतोय. ही गाणी सरावाला चालतील का?

चालतील, पण पणजीतल्या वर्गांत शिकवली जाते ती पोर्तुगालची धाटणी, हे ध्यानात ठेवा. तीन ठिकाणी अडखळाल. एक, 'ती' आणि 'दी'चे 'ची' आणि 'जी' होतात. दोन, शब्दाच्या शेवटचा 'स' पोर्तुगालमध्ये 'श' होतो, साओ पावलोत 'स'च राहतो. तीन, 'आम्ही'साठी 'नोस'ऐवजी 'आ जेंची' येतं आणि क्रियापद एकवचनी लागतं. 'कोमिदा' त्याने भरलेलं आहे.

सरावाचा क्रम: 'फामिलिया' (नात्यांचे शब्द, संथ), 'ओ पुल्सु' (रोगांची यादी, उच्चार स्वच्छ), मग 'एपिताफिओ'. त्यात 'देव्हिया तेर' आणि पुढे भूतकाळी धातुसाधित ही 'करायला हवं होतं'ची रचना इतक्या वेळा येते की वेगळा पाठ करावा लागत नाही. 'ओ के' सुरुवातीला टाळा, शब्दखेळात वाट चुकते. परीक्षेच्या तोंडावर मात्र उच्चार यांच्याकडून उचलू नका.

२१. जुनी रेकॉर्ड ब्राझीलहून मागवताना काय बघायचं?

तिकडे जुन्या पुस्तक-रेकॉर्डच्या दुकानाला 'सेबो' म्हणतात. ऑनलाइन विकणारेही बहुतेक तेच. आधी आतला गीतांचा कागद, म्हणजे 'एंकार्ते', आहे का विचारा. तो नसेल तर किंमत उतरायला हवी. 'तितानोमाकिया' काळ्या कचऱ्याच्या पिशवीत विकला गेला होता. पिशवी बहुतेकांनी फाडून टाकली, त्यामुळे पिशवीसकट म्हणणाऱ्याकडे फोटो मागा.

पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पाकिटात ठेवायला सांगा. आत ठेवून पाठवली की प्रवासात ती पुढेमागे आदळते आणि कव्हरची शिवण वरच्या बाजूने उसवते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा हवाच. इथे आल्यावर सीमाशुल्क लागू शकतं, तेव्हा रेकॉर्डची किंमत आणि टपाल यांच्यावर थोडी गंगाजळी धरून ठेवा. नुसतं ऐकायचं असेल तर एवढा खटाटोप 'काबेसा'साठी करा. 'आकुस्तिको'साठी सीडी पुरते.